सल्लागट (द्वंद्वात्मक वर्तनोपचारातील)

द्वंद्वात्मक वर्तनोपचार (डीबीटी) करणाऱ्या उपचारकांनी एकमेकांच्या मदतीसाठी चालवलेला गट. वैयक्तिक सत्रे, कौशल्यवर्ग आणि अडीअडचणीला फोनवरून मार्गदर्शन ही या पद्धतीची रुग्णासाठीची तीन अंगे. सल्लागट हे चौथे अंग उपचारकांसाठी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहॅन (जन्म १९४३) यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये, तर मूळ ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या, आत्महत्येच्या काठावर असलेल्या रुग्णांसोबत काम करताना उपचारक एक तर धास्तावून रुग्णाचे सगळेच मान्य करू लागतो, नाही तर वैतागून कठोर होतो. दोन्हींत उपचार बिघडतो आणि खापर बहुधा रुग्णावर फुटते. म्हणून गटात ‘रुग्ण कसा आहे’ यापेक्षा ‘तुझे कुठे अडते आहे’ हा प्रश्न आधी येतो.

बैठक सहसा दर आठवड्याला होते. सुरुवात काही मिनिटांच्या सजगतेच्या सरावाने होते. लिनेहॅन यांच्या झेन साधनेचा हा ठसा. एका सदस्याकडे छोटी घंटा असते. कोणी रुग्णाला नावे ठेवू लागला, स्वतःचे समर्थन करू लागला किंवा अडचण नीट ऐकण्याआधीच उपाय सांगू लागला, की ती वाजते. (वरिष्ठांसाठीही.)

गटाचे सहा करार ठरलेले आहेत. सत्र पुन्हापुन्हा चुकवणारा रुग्ण ‘नाटके करतो’ असे न म्हणता त्याला हिणवणार नाही असे स्पष्टीकरण शोधायचे, हा एक. प्रत्येकाने आपली मर्यादा ओळखायची, हा दुसरा. एकाने रात्री दहापर्यंत फोन घेतला म्हणून दुसऱ्यानेही घ्यावा असे नाही. सर्वांत मोलाचा करार मात्र स्खलनशीलतेचा म्हणावा लागेल: उपचारक चुकतातच, हे सर्वांनी आधीच कबूल केलेले असते. त्यामुळे चूक लपवण्यात कोणाची शक्ती खर्ची पडत नाही.

रुग्णाची बाजू लिनेहॅन यांना स्वानुभवानेही ठाऊक होती: किशोरवयात आपण स्वतःच हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

सल्लागट म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठाच्या कामावर ठेवलेली देखरेख नव्हे. तिथे अनुभवी उपचारकही स्वतःची अडचण मांडतो आणि नवख्याचा सल्ला ऐकतो. एकट्याने व्यवसाय करणारे उपचारक अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर असा गट जमवतात.