सूचनाफलकापासून अर्जखिडकीपर्यंत



शाळेच्या दारातील सूचनाफलक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. लिहिणारा लिहून जातो, वाचणारा वाचून जातो. फलकाला प्रश्न विचारता येत नाही. संकेतस्थळांचा आरंभ नेमका असाच झाला. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ उभारले आणि १९९१ साली ते जगापुढे आले. त्यावर होता निव्वळ मजकूर. पान आधीच लिहून ठेवलेले असे आणि मागणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अशी सोय निघाली की, वाचकाने भरलेला मजकूर दूरच्या संगणकावरील प्रोग्रॅमकडे जावा आणि त्याने त्याच वेळी उत्तराचे पान तयार करून पाठवावे. फलकाच्या जागी खिडकी आली ती येथे. आपल्या देशात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे ही खिडकी उघडल्यानंतर.

आपल्या परिसरातले उदाहरण घ्या. चाकणच्या जमिनीचा सातबारा पाहायचा असेल तर जिल्हा पुणे, तालुका खेड, मग गाव आणि गट क्रमांक सांगावा लागतो. तो उतारा कोणी पान म्हणून मांडून ठेवलेला नसतो. तुमच्या उत्तरांवरून नोंदवहीतून शोधून तो त्या क्षणी जुळवला जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी मोबाईलवरून पिकाची नोंद स्वतःच करू लागला. पूर्वी हे काम तलाठ्याचे. वाचणारा लिहिणारा झाला, हा बदल मला यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त असताना, २०१३ मध्ये, ‘सारथी’ ही सेवा काढली. दाखला कोठे मिळतो, कागद कोणते लागतात, ही माहिती पुस्तिकेतही होती आणि संकेतस्थळावरही. शिवाय दूरध्वनीवरून विचारण्याची सोय होती. छापील पुस्तिकेची महती कमी नव्हे, पण तिला तक्रार सांगता येत नाही.

मात्र खिडकी जशी ऐकते तशी ती अडवतेही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मुलाचे नाव आधारकार्डाशी जुळवून पाहिले जाते. आपल्याकडे ‘शेख’ हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे. समोर कारकून असता तर समजूत घालता आली असती. यंत्र अक्षर पाहते, माणूस पाहत नाही. म्हणून शेवटच्या तारखेची वाट न पाहता दोन्ही कागद आताच शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख ताडून घ्या, आणि फरक आढळल्यास मुख्याध्यापकांना भेटा. दुरुस्तीला वेळ लागतो.