उडत्या तबकड्यांचा भास, आयर्लंड
चंद्र, तारे, ग्रह वा उल्का यांना अनोळखी यान समजण्याचा प्रकार. क्षितिजालगतचा शुक्र वातावरणामुळे लुकलुकतो. ढगांमागचा चंद्र पळताना दिसतो. आयर्लंडमधील गाजलेली घटना मात्र बहुधा उल्कांची. ९ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ ब्रिटिश एअरवेजच्या माँट्रियल-लंडन विमानाच्या वैमानिकेला अतिवेगवान, प्रखर प्रकाश दिसला. तिने शॅनन हवाई नियंत्रणाकडे लष्करी सरावाची चौकशी केली, सराव नव्हता. जवळच्या व्हर्जिन कंपनीच्या विमानाच्या वैमानिकाने तेव्हाच उल्केची शक्यता बोलून दाखवली आणि आर्मा वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञांचे मतही तेच पडले. वैमानिकांना यावरून हसणे गैर आहे: अंधारात एकट्या प्रकाशबिंदूचे अंतर अनुभवी डोळ्यांनाही ठरवता येत नाही.