मामाचा मोडलेला नियम

दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी माझ्या धाकट्या मामानं बस्तीत महाराजांसमोर दारू सोडण्याचा नियम घेतला. निपाणीजवळचं आमचं आजोळ. मी बारा वर्षांची. आजीच्या डोळ्यांना आनंदानं धार लागली. जैनाच्या घरात दारू म्हणजे सप्तव्यसनांपैकी एक, आणि श्रावकाचे मूलगुण सुरूच होतात ते मद्यत्यागापासून. ती लाज आता संपणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या हातातला पाण्याचा तांब्या थरथरून सांडला. त्या रात्री तो घामानं निथळत उठला आणि भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून सांगू लागला. भिंत तर स्वच्छ होती. पहाटे तो कुणाला न सांगता गुत्त्यावर गेला आणि परतला तेव्हा त्याचे हात स्थिर होते. घरात एकच बोलणं झालं : दोन दिवससुद्धा नियम पाळता आला नाही याला!

त्या थरथरत्या हातांचा अर्थ मला फार उशिरा, वाचताना लागला. 1813 साली इंग्लंडमधल्या थॉमस सटन या डॉक्टरानं या कंप आणि भ्रमाच्या दुखण्याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' असं नाव दिलं. त्या काळी मेंदूचा दाह समजून अशा रोग्यांचं रक्त काढत. सटनच्या ध्यानात आलं की रक्त काढलेले रोगी दगावतात, आणि अफू देऊन झोपवलेले बरे होतात.

तरी हे होतं कशामुळे, हा वाद पुढं शंभर वर्षांहून जास्त चालला. कुणी म्हणे अति पिण्यानं, कुणी म्हणे उपाशीपोटी राहण्यानं. 1955 साली अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथं हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या व्यसनी कैद्यांपैकी काही जण तयार झाले. त्यांना कित्येक आठवडे रोज मद्य दिलं, सोबत चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वंही दिली. मग मद्य एकदम बंद केलं. हात कापू लागले, घाम फुटला, काहींना झटके आले, काहींना नसलेलं दिसू लागलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली : पोट भरलेलं असलं तरी, दारू तुटली की शरीर असं वागतं.

कारण साधं आहे. दारू मेंदूला मंदावते. रोजच पिणाऱ्याचा मेंदू त्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो जोर थांबत नाही. बैल सुटले आणि गाडी उतारावर, तशी गत. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. 1956 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं अशा माणसाला रुग्ण म्हणून दवाखान्यात घ्यावं, असा ठराव केला. पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. आमच्या मामाला मात्र दवाखाना दाखवावा, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मामानं मामीचे दागिने विकले, तिच्यावर हात उगारला. ते मी शरीराच्या नावावर खपवणार नाही. नियमालाही मी कमी लेखत नाही. शरीर सावरल्यावर पुढची सगळी वर्षं निश्चयावरच काढायची असतात. पण त्या दोन रात्री निश्चयाच्या नव्हत्या, औषधाच्या होत्या.

आजी गेली ती मुलानं महाराजांना फसवलं, असं मानूनच. तिच्या पायाशी बसून एवढंच सांगायला हवं होतं : आज्जी, त्यानं नियम मनापासून घेतला होता गं. हात कापत होते, ते खोटेपणानं नव्हे.