लाखेपासून व्हिनाइलपर्यंत

ग्रामोफोनची तबकडी मुळात आपल्याच रानातली वस्तू होय, असे म्हटल्यास कित्येकांना नवल वाटेल. छोटा नागपूरच्या पठारावर पळस, कुसुम आणि बोर ह्या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्यांच्यापासून मिळणारी चपडा लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी ह्यांच्या मिश्रणातून सुमारे अर्धशतकभर जगातल्या बहुतेक तबकड्या घडल्या. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते ह्याच पदार्थावर. तबकडी जड आणि ठिसूळ. हातून निसटली की तुकडे. शिवाय मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपलीकडे काही मावत नसे. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघर वाजल्या. पण मैफलीतला विस्तार त्यांत कोठून यावा? रसिकांनी अर्कावरच तहान भागविली.

हे चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. पूर्वेकडील समुद्रमार्ग धोक्यात आले आणि १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर कठोर निर्बंध घातले. सैनिकांसाठी गाणी पाठवायची तर दुसरा पदार्थ हवा होता. तो व्हिनाइलच्या रूपाने सापडला. हे प्लास्टिक लवचीक होते आणि त्यावर खाचा पुष्कळच बारीक कोरता येत. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्क येथे दीर्घ तबकडी लोकांपुढे ठेवली. ती मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेई आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. १९५५ साली अली अकबर खाँ यांचा सरोद अशाच तबकडीवरून पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. यहुदी मेनुहिन यांनी त्यांची ओळख करून दिली होती. आलापाला आता कोठे पाय पसरावयास जागा मिळाली.

जागा मिळाली, पण सत्ता मात्र कंपन्यांकडेच राहिली. कोणाचे गाणे मुद्रित करावयाचे, कोणते आवरण छापावयाचे, किती प्रती काढावयाच्या, हे सारे मोठ्या व्यापारी पेढ्या ठरवीत. कलावंताने सही करावी आणि वाट पाहावी. ह्या रिवाजाला ठळक छेद दिला तो मँचेस्टर ह्या गिरणगावातल्या काही पोरसवदा वादकांनी.

‘बझकॉक्स’ हे त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे त्यातले प्रमुख. लंडनच्या कंपन्यांचे उंबरे झिजवीत न बसता त्यांनी आप्तेष्टांकडून उसनवारी करून सुमारे ५०० पौंड जमविले आणि २८ डिसेंबर १९७६ रोजी एकाच दिवसात चार गाणी मुद्रित केली. जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ह्या नावाची सात इंची तबकडी त्यांनी स्वतःच बाजारात आणली. तबकडीच्या आवरणावर प्रत्येक गाणे कितव्या खेपेस साधले ह्याचीही नोंद होती! मुद्रणाभोवती कंपन्यांनी जे गूढ वलय निर्माण केले होते, ते त्या एका नोंदीने पुसले. सामान्य माणसालाही हे जमते, असा तो उघड दाखला होता. प्रथम १,००० प्रती काढल्या होत्या. मागणी वाढत गेली आणि खप १६,००० च्या घरात पोहोचला. संगीत म्हणून ती गाणी थोर होती की नाही, ह्याविषयी दुमत होईल. इतिहास म्हणून मात्र तिचे महत्त्व वादातीत आहे.

पुढे त्याच शहरात ‘फॅक्टरी’ नावाची स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७९ साली तिने ‘जॉय डिव्हिजन’ ह्या वृंदाची ‘अननोन प्लेझर्स’ ही दीर्घ तबकडी काढली. काळ्या आवरणावर रेखाटलेल्या पांढऱ्या लहरी एका स्पंदक ताऱ्याच्या होत्या. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र संस्थांच्या तबकड्यांची निराळी खपयादी छापली जाऊ लागली. ‘इंडिपेंडंट’ ह्या शब्दाचे लाडके रूप ‘इंडी’. ते आधी व्यवहाराचे नाव होते. चालीचे, शैलीचे नाव झाले ते नंतर.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि व्हिनाइलचे दिवस भरले असे सर्वांनी धरले. दाबयंत्रे भंगारात गेली. तबकडी टिकविली ती मुख्यतः छोट्या संस्थांनी, छोट्या दुकानांनी आणि हजार-पाचशे प्रती काढणाऱ्या अशा वृंदांनी. २००८ पासून अमेरिकेतील स्वतंत्र दुकाने वर्षातून एक दिवस तबकडीचा उत्सव करू लागली. २०१७ साली डेट्रॉईट येथे जॅक व्हाइट ह्या वादकाने तर नवा कारखानाच उघडला. २०२२ साली अमेरिकेत व्हिनाइलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या. कॉम्पॅक्ट डिस्क खपल्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर असे प्रथमच घडले.

पण ह्या यशातच छोट्यांची कोंडी झाली. मोठ्या कंपन्या आपल्या प्रचंड मागण्या घेऊन त्याच मोजक्या कारखान्यांच्या दारी आल्या आणि नव्या वृंदाला आपली तबकडी हाती पडावयास कित्येक महिने थांबावे लागू लागले. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे अपोलो मास्टर्स ह्या कारखान्याला आग लागली. मूळ खाचा ज्या मऊ लेपाच्या चकतीवर कोरतात, त्या चकत्या जगात दोनच कारखाने बनवीत. त्यांतला हा एक. उरला तो जपानमधला. तांब्याच्या चकतीवर थेट खाचा कोरण्याची पद्धतही आहे, पण तिची यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्या मऊ चकतीला इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात. आज तिच्यावरचा लेप नायट्रोसेल्युलोजचा असतो. नाव मात्र अजून लाखेचेच आहे.