तनुस्तर वर्णलेखन : स्थिर प्रावस्था
काचपट्टीवरील अधिशोषक चूर्णाच्या पातळ थरावर, म्हणजे स्थिर प्रावस्थेवर, मिश्रणातील घटक अलग करण्याची पद्धत. खारकॉव्ह येथे इझ्माइलोव्ह व श्रायबर यांनी १९३८ मध्ये ॲल्युमिनाच्या सुट्या थरावर औषधी वनस्पतींचे अर्क तपासले; पण बंधकाविना तो सहज विस्कटे. १९४९ मध्ये माइनहार्ड व हॉल यांनी स्टार्च मिसळून थर पक्का केला. तरीही पद्धत रुळली ती १९५८ च्या सुमारास एगोन श्टाल यांनी जिप्समयुक्त सिलिका जेल व थर पसरण्याचे उपकरण प्रमाणित केल्यावरच. जनकत्वाचे श्रेय मात्र त्यांना एकट्याला देणे न्याय्य नाही. १९६२ पासून सिल्व्हर नायट्रेटयुक्त थर वापरात आले. चांदीचे आयन द्विबंधांशी सैल जटिले बनवीत असल्याने अधिक द्विबंधांची मेदाम्ल-एस्टरे मागे रेंगाळतात. पुढे सिलिकेस लांब हायड्रोकार्बन साखळ्या जोडल्या गेल्या. अशा थरावर ध्रुवीय घटकच पुढे जातात.