र च्या मागचा उकार

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि उत्तर भागातून पूर्णा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ही दोन नावे ऐकून लिहायला सांगितली, तर गोदावरी बहुधा बरोबर उतरते. पूर्णाचे मात्र ‘पुर्णा’ होते, आणि रफार कुठल्या अक्षराचा हेच कळले नसेल तर ‘र्पूणा’ही होते. एकाच शब्दातल्या या दोन चुका एका जातीच्या नाहीत. पहिली स्वराच्या लांबीची आहे, दुसरी र च्या जागेची. वहीत दोन्हींखाली सारखीच लाल रेघ ओढली जाते आणि दोन्हींवर ‘पाच वेळा लिही’ हाच एक उपाय सांगितला जातो. जागेची चूक समजावून दिली की जाते. लांबीची चूक कितीही श्रुतलेखन घेतले तरी जात नाही, कारण ती ऐकण्यातली चूकच नव्हे.

जागेचे आधी उरकू. रफार तोंडात आधी येतो आणि कागदावर नंतर. ‘पूर्णा’ म्हणताना र हा ण च्या आधी येतो, पण लिहिताना ण लिहायचा, त्याला काना द्यायचा आणि मग त्या कान्याच्या डोक्यावर र काढायचा. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम असा उलटा पडल्यामुळे मूल र ची खूण घाईने मागच्या अक्षरावर ठेवून मोकळे होते. ‘डोक्यावरचा र’ असे चित्र दाखवून शिकवले की हा घोळ वाढतोच, कारण कोणाच्या डोक्यावर हे चित्रात नसते. टाळीवर शब्द तोडून घ्यावा, पूर्-णा, आणि सांगावे की दुसऱ्या टाळीचे अक्षर काना-मात्रेसकट पुरे कर, मगच त्याच्यावर रफार दे. सुरुवात इकार-उकार नसलेल्या शब्दांनी करावी: वर्ग, अर्ज, धर्म, कर्ज. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे रामदासांचे जन्मगाव, त्यातला ‘समर्थ’ या कामाला उत्तम. मोबाइलवर मराठी टाइप करणारी मुले हे लवकर शिकतात असे मला वाटते, कारण युनिकोडमध्ये र, हलन्त, ण हा बोलण्याचाच क्रम असतो. जुन्या मराठी टाइपरायटरवर मात्र रफार पुढचे अक्षर उमटल्यावर मारावा लागे.

आता खरा प्रश्न. र च्या आधी इ किंवा उ आला की तो पहिला लिहायचा की दुसरा? याचे उत्तर र शब्दात कुठे बसला आहे त्यावर ठरते. जागा मुख्यतः तीन: शब्दाच्या शेवटचा पूर्ण र, व्यंजनाच्या आधीचा रफार, आणि ‘ऱ्य’मधला आडवा र.

शेवटच्या र ची जागा सर्वांत सोपी. राजूर, परतूर, बदनापूर, मजूर, जरूर. शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, हा मराठी शब्दांचा नियम. मराठी साहित्य महामंडळाचे जे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले (१९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली), त्यांत तो आहे. शब्दाला विभक्ती लागून रूप बदलले की हाच स्वर आखडतो: मजूर पण मजुराला, राजूर पण राजुरात, बदनापूर पण बदनापुरात. इथे कान खरा साक्षीदार आहे. ‘मजूर’ म्हणताना जू लांबतो आणि ‘मजुराला’ म्हणताना जु तुटक होतो, हे पहिलीतल्या मुलालाही बोलून दाखवता येते. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची पहिली ओळख इथेच करून द्यावी. तालुक्याच्या गावांची नावे हाताशी आहेतच.

पण या सोप्या जागेतही एक फट आहे. मंदिर, शिबिर, मधुर, चतुर, अंकुर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मूळ रूप सोडत नाहीत. मराठी जीभ ते उच्चारताना शेवटून दुसरा स्वर लांबवतेच, म्हणून कान ‘मंदीर’ सांगतो. गावोगावच्या फलकांवर ‘मंदीर’ दिसते त्यात रंगाऱ्याचे अज्ञान थोडे आणि कानाची प्रामाणिकता जास्त. उलट शरीर, गंभीर, मयूर हे तत्सम मुळातच दीर्घ, आणि ते ‘शरीराला’मध्येही दीर्घच राहतात. असे शब्द नियमात कोंबू नयेत. मोजकेच आहेत, ते भिंतीवर लावून डोळ्यांच्या ओळखीचे करावेत.

रफाराची जागा अवघड. मराठीचा सर्वसाधारण नियम असा की जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: पुस्ती, भिस्त, मुक्काम. मग पूर्णा, सूर्य, तीर्थ, मूर्ती, कीर्ती, दीर्घ, जीर्ण, चूर्ण, मूर्ख, ऊर्जा हे सगळे दीर्घ का? कारण तत्सम शब्द इथेही मूळ रूप राखतात, आणि संस्कृतात र् स्वतःच मागच्या स्वरावर सत्ता चालवतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे बांधून ठेवले आहे: धातूच्या शेवटी र् असेल आणि पुढे व्यंजन आले, तर त्या र् च्या आधीचा इ किंवा उ लांबतो. ‘तॄ’पासून तीर्ण आणि तीर्थ, ‘जॄ’पासून जीर्ण, ‘पॄ’पासून पूर्ण. म्हणून निकालपत्रावरचा ‘उत्तीर्ण’ दीर्घ, विस्तीर्ण दीर्घ, आणि घनसावंगी तालुक्यातली तीर्थपुरीही सुरुवातीला दीर्घ. वरच्या यादीतला प्रत्येक शब्द याच एका सूत्राने सिद्ध होतो असे नाही, पण संस्कृत शब्दाच्या अंगातला र् हा दीर्घाच्या सोबतीने येण्याकडे झुकतो, एवढे शिक्षकाने मनात ठेवले तरी पुष्कळ.

या दीर्घाचा पुरावा मुलाच्या कानाला मिळत नाही. ‘पूर्णा’तला पू आणि ‘खुर्ची’तला खु आपण जवळजवळ सारखेच उच्चारतो; पुढे अर्धे व्यंजन आले की अक्षर तसेही जड होते आणि स्वराच्या लांबीला वेगळे काम उरत नाही. शिक्षक मग श्रुतलेखनात ‘पूऽऽर्णा’ असे ओढून म्हणतात. हा मोठा फसवा उपाय आहे. मूल वर्गात बरोबर लिहिते आणि घरी जाऊन निबंधात पुन्हा ‘पुर्णा’ लिहिते, कारण घरी पूर्णेला असे ओढून कोणी हाक मारत नाही.

म्हणून इथे कानाऐवजी शब्दांची कुळे शिकवावीत. पहिले कूळ वर आलेच: पूर्ण, तीर्थ, मूर्ती, सूर्य. दुसरे कूळ ज्यांत र् उपसर्गातून, ‘चतुर्’सारख्या शब्दातून किंवा संधीतून आला आहे त्यांचे, आणि ते ऱ्हस्व: निर्मळ, निर्णय, निर्जीव, दुर्बळ, दुर्गा, चतुर्थी, आयुर्वेद, ज्योतिर्लिंग, बहिर्गोल. इथला र् धातूचा नाही, म्हणून त्याची मागच्या स्वरावर सत्ता नाही. मुलाला धातू-उपसर्ग सांगण्याची गरज नाही. ‘निर् आणि दुर् नेहमी पहिले’ एवढे पुरते, आणि ही एकच ओळ डझनभर शब्द सांभाळते. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या घरात ‘चतुर्थी’ हा शब्द वर्षभर कानावर असतो. तिथून ‘चतुर्’ची ओळख करून देता येते. तिसरे कूळ उसन्या आणि घरच्या शब्दांचे: खुर्ची, कुर्ता, फिर्याद, बुर्ज, उर्दू, शिर्डी, शिर्के, सुर्वे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात फारसी-अरबी वळणाचे शब्द रोजच्या बोलण्यात मुरलेले आहेत, तेव्हा या कुळाला उदाहरणांचा तोटा नाही. हे सगळे मराठीचा साधा नियम पाळतात: जोडाक्षरापूर्वी ऱ्हस्व.

एका शब्दाने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. आयुर्वेद ऱ्हस्व, मग आशीर्वाद दीर्घ कसा? मूळ शब्द ‘आशिस्’, आणि त्याचे ‘आशीः’ होताना शि ची शी होते. पुढे ‘वाद’ येऊन विसर्गाचा र् झाला तरी ती दीर्घच राहते. लग्नपत्रिकांवर ‘शुभाशिर्वाद’ इतक्या वेळा छापलेले असते की मुलाने तो बरोबर लिहिला तर घरचेच त्याला चुकवतील. हा शब्द कुळाबाहेरचा म्हणून वेगळाच शिकवावा.

याच जागेत एक उलटी चूकही होते. मिरची, सरकी, फुरसत, किरकोळ यांत आपण र अर्धाच उच्चारतो, पण लिहितो पूर्ण. ऐकून लिहिणारे मूल ‘मिर्ची’, ‘सर्की’, ‘पर्तूर’ लिहिते, आणि त्याच्या कानाच्या हिशोबाने ते बरोबरच असते. जालना हा बियाण्यांचा जिल्हा, ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना इथेच १९६४ साली झाली. तेव्हा सरकी हा इथल्या मुलांच्या घरातला शब्द. तो पाटीवर पूर्ण र ने लिहून दाखवावा आणि शेजारी ‘समर्थ’ ठेवावा. बोलताना दोन्हींत र पुढच्या अक्षराला चिकटतो, लिहिताना एकातच. याला ठोकताळा म्हणून सांगता येते ते एवढेच की घरचा शब्द र पूर्ण ठेवण्याकडे झुकतो. खुर्ची आणि शिर्डीने तो मोडतो, पण ठोकताळ्याकडून याहून जास्त अपेक्षा नसावी.

तिसरी जागा ‘ऱ्य’ची, आणि ती दिसते त्यापेक्षा सोपी आहे. भाकरी-भाकऱ्या, दोरी-दोऱ्या, बकरी-बकऱ्या, शेतकरी-शेतकऱ्यांना. मूळ शब्दाच्या शेवटी र असला आणि रूप बदलताना य आला की आडवा र. शब्द मागे नेऊन पाहिला की कळते: ‘आचाऱ्यांना’ मागे नेले तर आचारी सापडतो, ‘आचार्यांना’ मागे नेले तर आचार्य. सुऱ्याने आणि सूर्याने ही जोडी तर दुहेरी उपयोगाची आहे, कारण तिच्यात र चा आकार आणि उकार दोन्ही एकदम बदलतात. ‘ऱ्ह’चे शब्द मोजके: कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, आणि पूर्वेला लागून असलेले वऱ्हाड. त्यांना नियम नको. ऋ च्या बाबतीत ‘कृपा’ आणि ‘क्रुपा’ उच्चाराने वेगळे करता येत नाहीत. कृष्ण, कृपा, मृग, वृक्ष, तृण हे ठरावीक शब्द नजरेने शिकायचे.

पहिल्या दोन जागा एकत्र तपासायच्या तर एक वाक्य पुरते: पूर्णेला पूर आला, पुरात पूल बुडाला, पुलावर जाऊ नका. पूर्णा तत्सम, म्हणून ‘पूर्णेला’मध्येही दीर्घ. पूरही मुळात संस्कृतच, पण मराठीने तो घरचा करून घेतला आणि ‘पुरात’ म्हणताना आखडून टाकला. ज्याला हे वाक्य कारणांसकट लिहिता आले, त्याला या विषयातले बहुतेक सारे आले.

क्रमाबद्दल माझे मत असे. पहिली-दुसरीत र ची जागा शिकवावी आणि ऱ्हस्व-दीर्घाला लाल रेघ मारू नये. शेवटच्या र पुरती तोंडी ओळख पुरे. तिसरीत कुळे, चौथीत चकवणारे शब्द. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मुळाक्षरे कखग या क्रमाने न शिकवता गट पाडून, लगेच अर्थाचे शब्द वाचता येतील अशी शिकवली. जोडाक्षरांनाही तीच वाट लागू पडते. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास शाळा सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पुस्तकात जोडाक्षरे मागे पडली की ती नेमकी या मुलांची बुडतात. रफाराचे पाच-सहा शब्द पावसाळ्यातच हातात द्यावेत.

राहिली इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० पासून, ती राज्यभर पहिलीपासून आली आणि ‘बी-आय-आर-डी बर्ड’ची घोकणी खेड्यापाड्यांत पोचली. इंग्रजीतही र मागच्या स्वराला आपल्या रंगात रंगवतो. बर्ड, टर्न, हर, वर्ड, अर्थ या पाचांत एकच ‘अर्’ ऐकू येतो, आणि तो लिहिला जातो पाच तऱ्हांनी: आय-आर, यू-आर, ई-आर, ओ-आर, ई-ए-आर. लंडनचा माणूस र गिळून टाकतो. आपले मूल तो खणखणीत म्हणते, त्यामुळे र लिहायचा राहत नाही. अडते ते स्वराचे अक्षर निवडताना, म्हणजे पूर्णातल्या उकारापाशी अडते तिथेच. इथेही थोडी शिस्त सापडते. डब्ल्यूच्या पुढचा ओ-आर सहसा ‘अर्’ होतो: वर्ड, वर्क, वर्ल्ड, वर्म. डब्ल्यूच्या पुढचा ए-आर ‘ऑर्’ होतो: वॉर, वॉर्ड, वॉर्म. आणि शब्दाच्या शेवटच्या ‘अर’साठी तर मुलाकडे भांडवल आधीच आहे. टीचर, फार्मर, ड्रायव्हर हे इंग्रजीने आपल्या क्रियापदांना प्रत्यय लावून घडवलेले कर्ते, त्यांना ई-आर. डॉक्टर, ट्रॅक्टर, कंडक्टर, कलेक्टर, इन्स्पेक्टर, विहिरीवरची मोटर हे लॅटिन घराण्यातले, त्यांना ओ-आर. लॅटिन हे त्या भाषेचे संस्कृत, आणि ओ-आर हा तिचा तत्सम. ज्या मुलाने तिसरीत कुळे लावली आहेत त्याला ही विभागणी नवी वाटत नाही. मीटर, सिलिंडर, कॉलर, शुगर या हिशोबात बसत नाहीत. ते पाठच करावेत, आणि तेही पाचवीनंतर.