ग्रेपनेट : एका संगणक-प्रणालीच्या यशाची तांत्रिकेतर पूर्वपीठिका

प्रस्तावना :
संगणक-प्रणालीचे यशापयश बहुधा तिच्या तांत्रिक गुणवत्तेवरून मोजले जाते. वस्तुतः आज्ञावलीची पहिली ओळ लिहिली जाण्यापूर्वी घेतलेले निर्णयही तिचे भवितव्य ठरवितात. नाशिक जिल्ह्याच्या द्राक्ष-निर्यातीशी निगडित असलेल्या 'ग्रेपनेट' या प्रणालीच्या आधारे प्रस्तुत लेखात या विधानाचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका :
2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष आढळले आणि युरोपची बाजारपेठ धोक्यात आली. निफाड, दिंडोरीच्या बागाईतदारांसाठी हा उपजीविकेचा प्रश्न होता. त्यानंतर अपेडाने अवशेष-नियंत्रण योजना आखली. बागांची नोंदणी कृषी विभागाने करावी, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी तपासावेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहावे, अशी कार्यविभागणी झाली. ग्रेपनेट आले ते 2006 मध्ये. म्हणजे जबाबदाऱ्या आधी ठरल्या, संगणक नंतर आला. शिवाय 1960 पासूनचा द्राक्ष बागाईतदार संघ आणि 1991 मध्ये स्थापन झालेली महाग्रेप्स यांमुळे शेतकऱ्यांना संघटित व्यवहाराची सवय होती. तपासणीत अपात्र ठरलेल्या बागेचा माल प्रमाणपत्राअभावी निर्यात होऊ शकत नसे. म्हणून प्रणालीचा वापर ऐच्छिक राहिला नाही.

मर्यादा :
2010 मध्ये मात्र युरोपात भारतीय द्राक्षे पुन्हा नाकारली गेली. या वेळी वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष आढळले होते. युरोपीय मर्यादा प्रतिकिलो 0.05 मिलिग्रॅम होती. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या भारतीय यादीत हे रसायनच नव्हते. ज्याची तपासणीच सांगितलेली नाही, त्याची नोंद प्रणाली कशी ठेवणार? उणीव आज्ञावलीत नव्हती, ती यादीत होती. आणि तिची झळ मात्र बागाईतदारांना सोसावी लागली.

निष्कर्ष :
ग्रेपनेटचे प्रतिमान पुढे डाळिंब व आंबा यांच्या निर्यातीसाठीही स्वीकारले गेले. समान संकटाची जाणीव, निश्चित उत्तरदायित्व, संघटित वापरकर्ते आणि नियमांचे बंधन हे तिच्या यशाचे आरंभीचे घटक होत. परंतु 2010 चा अनुभव असे दर्शवितो की, काय तपासावयाचे हा निर्णय एकदाच घेऊन भागत नाही. तो कोणी, केव्हा आणि कोणाच्या सल्ल्याने पुन्हा तपासावा, हेही आरंभीच ठरवावे लागते.